तिसऱ्या ओळीतली मर

सोमवारी दुपारी सव्वाबारा वाजता तिसऱ्या ओळीतल्या चार मिरच्यांनी माना टाकल्या. पानं हिरवीगार होती. पिवळेपणा नव्हता, कीड नव्हती. फक्त शेंड्याकडची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

मिस्नाहने आधी ठिबकची नळी पाहिली. तिच्या टोकाची काडी झाडाच्या पिशवीतल्या भुशात नीट रोवलेली होती आणि थेंब पडत होता. मग तिने पिशवीत हात घालून मूठभर भुसा काढला आणि दाबला. बोटांच्या फटीतून दोन-तीन थेंब आले, म्हणजे ओल बरोबर होती. पिशवीखाली झिरपलेलं पाणी वाटीत धरून तिने त्यात क्षार मोजायचं यंत्र बुडवलं. आकडा रोजचाच होता. चारही पिशव्यांशी हे करून झाल्यावर ती उलट्या बादलीवर बसली. पाणी होतं, खत होतं, आणि झाड तरी तहानलेलं होतं. याचा एकच अर्थ होतो. त्या दिवशी तिने तो तोंडाने उच्चारला नाही.

संध्याकाळी सहाला चारही झाडं सरळ उभी होती. नवरा तुकिमिन लॉरी लावून आला तेव्हा तिने त्याला आणून दाखवलं.

“उभी तर आहेत,” तो म्हणाला.

“दुपारी पडली होती, कांग.” नवऱ्याला ती कांगच म्हणे.

“दुपारी मीपण पडतो.”

मंगळवारी दुपारी पडलेली झाडं अकरा झाली. सगळी तिसऱ्याच ओळीत होती, दाराकडच्या निम्म्या भागात. त्यांतलं सगळ्यात वाईट दिसणारं झाड तिने बुडाशी कापलं, खोडाचा बोटभर तुकडा घेतला आणि चहाच्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी भरून त्यात दोऱ्याने टांगला. ग्लास उजेडात धरला. तीन मिनिटं काही झालं नाही. चौथ्या मिनिटाला कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा निघाला, सरळ खाली उतरला आणि तळाशी पसरला. त्याच्यामागून दुसरा निघाला.

मर होती. जिवाणूंची मर, जिच्यावर औषध नाही.

पारित लापानवर, म्हणजे आमच्या आठव्या कालव्याच्या काठावर, मर न पाहिलेलं घर नाही. इथली माती काळी, चिकट आणि आंबट आहे. तिच्यात नारळ होतो, केळी होते. मिरची किंवा वांगं लावलं की दोन हंगाम चांगले जातात आणि तिसऱ्याला झाडं उभ्या उभ्या मरतात. एकदा मातीत शिरलेली मर निघत नाही. म्हणून मिस्नाहने माती सोडली. घरामागे प्लास्टिकचं छत उभारलं, भोवती जाळी लावून दार बसवलं, जमिनीवर चंदेरी कापड अंथरलं आणि त्यावर दहा ओळींत दीडशे-दीडशे पिशव्या मांडल्या. पिशवीत नारळाच्या सोडणाचा भुसा, भुशात मिरची, आणि प्रत्येक पिशवीला खताच्या पाण्याची वेगळी नळी. जमिनीचा आणि झाडाचा संबंध नाही. एका झाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

भुसा कमी पडण्याचं कारण नव्हतं. तुकिमिन सोडणाच्या गिरणीवर लॉरी चालवतो. गिरणीत सोडणाचा काथ्या काढून घेतात आणि उरलेल्या भुशाचे ढीग मागच्या बाजूला पडून राहतात. पहिल्या पिकाला मिस्नाहने तोच भुसा आणून तसाच भरला. नवव्या दिवशी रोपांच्या कडा जळाल्या. सोडणं खाडीच्या काठी भिजत पडलेली असत आणि भुशात मीठ मुरलेलं होतं. मग ती भुसा धुवायला शिकली. धुताना पहिलं पाणी कडक चहासारखं उतरतं, आणि पाणी निवळलं की बायका धुणं थांबवतात. मिठाला रंग नसतो, हे तिला यंत्र आणल्यावर कळलं. दुसऱ्या पिकाला तिने दोन प्रकारची खतं वेगवेगळ्या टाक्यांत विरघळवायचा कंटाळा करून एकाच टाकीत घातली. तळाशी चुन्यासारखा गाळ बसला आणि आठवड्याभरात निम्मे ठिबक बुजले. हे तिसरं पीक होतं. दहा आठवडे ती मिरची तोडत होती.

त्याआधी एकोणीस वर्षं ती जेट्टीवरच्या शेडमध्ये कोळंबी सोलत होती. पहाटे पाचला बर्फात हात घालायचे ते दुपारी दोनला काढायचे. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सकाळी सरळ होत नाहीत, दुसऱ्या हाताने उलगडावी लागतात. शेडच्या तौकेने, मालकाने, महिन्याच्या सुरुवातीला निरोप पाठवला होता. नवी भरती आहे. तुझी जागा वीस तारखेपर्यंत ठेवतो. यायचं असेल तर सांग, नाहीतर दुसरी घेतो. तिने उत्तर दिलं नव्हतं. मिरची टिकली तर तिला शेडमध्ये जायचं नव्हतं. मिरची गेली तर जाण्याला पर्याय नव्हता, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरं कुणी कामावर घेत नाही.

मंगळवारी तारीख दहा होती.

रात्रीचं जेवण तुकिमिननेच वाढून घेतलं. ती ओट्याशी ग्लास घासत उभी होती.

“आत कोण आलं होतं?” त्याने विचारलं. “तू आणि मी सोडून?”

तिने नळ बंद केला.

“तुम्हाला माहितीये कोण आलं होतं.”

अकरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी रेवांग होतं. तुकिमिनची थोरली बहीण सनियाह हिच्या घरी शाळेच्या सुट्टीत दोन लग्नं होती. आधी मुलीचं, पंधरा दिवसांनी मुलाचं. आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक आचारी करत नाही. आदल्या दिवशी सगळ्या पारितवरच्या बायका लग्नघरी जमतात आणि चिरणं, वाटणं, रांधणं आपसांत वाटून घेतात. बोलावणं लागत नाही. न येणं मात्र लक्षात राहतं. आणि येताना प्रत्येक बाई आपली सुरी आपणच घेऊन येते, कारण लग्नघरात चाळीस सुऱ्या कुठून असणार.

त्या शुक्रवारी साम्बलला, मिरचीच्या वाटणाला, मिरची कमी पडली. सनियाहने मिस्नाहकडे पाहिलं. भावजयीच्या घरामागे दीड हजार झाडं लाल झालेली असताना बाजारात कोण जाईल? अकरा बायका टोपल्या घेऊन निघाल्या. सगळ्यांत पुढे वाक कसियाह होत्या, वाक म्हणजे वडीलधाऱ्या. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. पारितवरच्या प्रत्येक लग्नाचं साम्बल गेली तीस वर्षं त्यांच्या हातचं आहे.

छताच्या दाराशी पिवळ्या प्लास्टिकचा पसरट ट्रे असतो. त्यात ब्लीचिंगचं पाणी. आत येणाऱ्याने चपलेसकट पाय त्यात बुडवायचे, शेजारच्या बादलीत हात आणि कात्री बुडवायची. नियम मिस्नाहनेच केलेला. आतापर्यंत तो पाळणारी माणसं दोनच होती.

वाक कसियाह ट्रेशी थांबल्या. त्यांनी सारोंग दोन बोटं वर उचलला.

“हे काय? वुझू करून आत यायचं?”

मागच्या बायका हसल्या.

“मिरची आहे का मशीद?”

“वाक, जपून. गुडघ्यापर्यंत बुडाल तर काढणार कोण?”

मिस्नाहने ट्रे पायाने बाजूला सारला. “काही नाही वाक, या. असंच असतं ते. या ना आत.”

म्हाताऱ्या माणसाला, त्यातही लग्नाच्या गडबडीत, ब्लीचिंगच्या पाण्यात पाय घाल असं सांगायचं कसं, हे तिला सुचलं नाही. ट्रे सारायला तिला दोन सेकंद लागले असतील.

आत त्यांना गंमतच वाटली.

“माती नाही? मग ही खातात काय?”

“भुसा खातात. बघ ना, म्हणून बारीक आहेत.”

“अगं, बारीक कुठे? मिरच्या बघ. माझ्या नवऱ्याच्या बोटाएवढ्या आहेत.”

“तुझ्या नवऱ्याचं बोट कधी एवढं लाल झालं होतं ग?”

वाक कसियाहंना वाकवत नव्हतं. त्या दाराजवळच्याच झाडांशी उभ्या राहिल्या आणि कमरेला खोचलेल्या सुरीने देठ कापत गेल्या. बाकीच्यांनी हातांनी तोडलं. अर्ध्या तासात सहा टोपल्या भरल्या. जाताना वाकनी मिस्नाहच्या गालाला हात लावला. “चांगलं केलंयस पोरी,” त्या म्हणाल्या. “ते बर्फाचं काम बायकांचं नव्हे.”

ती झाडं तिसऱ्या ओळीतली होती.

बुधवारी सकाळी दहाला कृषी कार्यालयातल्या अधिकारी चिक नाझिरा, म्हणजे नाझिराबाई, आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांनी ट्रेमध्ये पाय बुडवले, हातमोजे चढवले, दुसरं एक झाड कापलं आणि मिस्नाहने केलं होतं तेच पुन्हा केलं. धागा या वेळी दोन मिनिटांत निघाला.

“पूर्ण ओळ काढा,” त्या म्हणाल्या. “दीडशेच्या दीडशे. पिशव्यांसकट. प्लास्टिकमध्ये बांधून, कालव्यात नाही टाकायच्या.”

“पडलेली एकवीसच आहेत.”

“आज एकवीस.”

“पण हा भुसा आहे ना, चिक. माती नाहीये. एका पिशवीतलं दुसऱ्या पिशवीत जात नाही म्हणूनच केलं ना हे सगळं?”

“पिशवीतून पिशवीत जात नाही. झिरपलेल्या पाण्यातून जातं, हातांनी जातं, चपलांनी जातं. कापायच्या वस्तूने तर सगळ्यात लवकर.” नाझिरा खाली बसून चंदेरी कापड पाहत होत्या. “उतार कुठे आहे?”

मिस्नाहने दाखवलं. कापड चौथ्या ओळीकडे उतरत होतं. मांडताना तिनेच तसं मांडलं होतं, पाणी तुंबू नये म्हणून.

“पंधरा दिवस चौथ्या ओळीवर लक्ष ठेवा,” नाझिरा म्हणाल्या. “तोवर ती उभी राहिली तर बाकीचं पीक वाचलं असं समजा. आणि कुणालाही आत घेऊ नका. मलासुद्धा.”

पंधरा दिवस म्हणजे सव्वीस तारीख.

नाझिरा गेल्यावर मिस्नाहने छत्री घेतली आणि वाक कसियाहंच्या घरी गेली. चालत वीस मिनिटं लागतात. वाक ओसरीवर पान-सुपारी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिला गोड काळा चहा दिला आणि तळलेली केळी पुढे केली. सनियाहच्या होणाऱ्या सुनेबद्दल थोडं बोलणं झालं. ओसरीसमोर वांग्याचा वाफा होता. आता तिथे उकरलेली माती होती.

“वाक, वांगी काढली?”

“काढली कसली, मेली. एका आठवड्यात सगळी. मुलीच्या रेवांगच्या आदल्या दिवशी कापून टाकली. मेलेली झाडं दाराशी किती दिवस बघायची?”

“कशानं कापलीत?”

“कशानं म्हणजे? माझ्याकडे काय दहा सुऱ्या आहेत?” वाक हसल्या. सुरी त्यांच्या मांडीशीच होती, पातं झिजून बोटभर उरलेलं. त्याच सुरीने त्या सुपारी कातरत होत्या. “का ग?”

“सहजच.”

मिस्नाहने चहा संपवला, कप स्वतः धुऊन ठेवला आणि निघाली.

गुरुवारी तिसरी ओळ काढली. तुकिमिनने गिरणीवर रजा सांगितली. भिजलेल्या भुशाची पिशवी सात-आठ किलोची असते. उचलताना ती कलली तर पाणी सांडतं, म्हणून आधी झाड कापायचं, मग पिशवीचं तोंड बांधायचं, मग ती दुसऱ्या पिशवीत घालायची, मग उचलायची. झाडं पिकलेल्या मिरच्यांसकट गेली. तुकिमिनला त्या तोडून घ्यायच्या होत्या.

“खायला काय होतंय?”

“काही होत नाही. पण तोडायला हात लावायचा आणि तोच हात चौथ्या ओळीला?”

“हात धुऊ.”

“नको.”

दुपारी साडेतीनपर्यंत एकशे अठ्ठेचाळीस पिशव्या बाहेर गेल्या होत्या. उरलेल्या दोन पिशव्यांशी तुकिमिन बसून राहिला. त्याला उठता येईना. मिस्नाहने त्या ओढत नेल्या. ओळीच्या जागी चंदेरी कापडावर दीडशे तपकिरी वर्तुळं उरली. ती तिने ब्लीचिंगने पुसली. काही निघाली, काही नाही.

“उद्या ताई येणार आहे,” तुकिमिन म्हणाला. “पोराच्या रेवांगला मिरची लागेल. फोन आला होता.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, मिस्नाहशी बोल.”

“आणि उद्या तुम्ही कुठे?”

“मला सकाळी लवकर फेरी आहे.”

त्याने चपलेला चिकटलेला भुसा खरवडायला घेतला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला सनियाह मोटरसायकलवर आली. तिच्यामागून सहा बायका चालत आल्या. त्यांत वाक कसियाह होत्या. मिस्नाह दारात उभी होती. ट्रे तिच्या पुढ्यात होता आणि दारावर आडवी दोरी बांधलेली होती.

“वाक, आत नको,” ती सनियाहला म्हणाली. नणंद चौदा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिलाही वाकच म्हणायचं. “रोग आलाय. किती लागतील सांगा, मी तोडून देते.”

“वीस किलो. अकरापर्यंत. तू एकटी तोडणार?”

“तोडते. शेवटच्या ओळींतल्या.”

“आणि या सहाजणी इथे उन्हात उभ्या राहून काय करणार? तुझं तोंड बघणार?”

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली.

“घरी बसा. चहा ठेवलाय.”

“मागच्या वेळी तर या-या करत होतीस.”

“मागच्या वेळी चुकलं माझं.”

सनियाहने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. “म्हणजे आमच्यामुळे झालं?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग कसं म्हणतेस? चौदा दिवस झाले, मेली झाडं, आणि आज आम्ही दारात आलो तर दोरी बांधलीस. आमचे पाय काय नासके आहेत?”

“वाक, मी ट्रे बाजूला केला होता. मी केला. ट्रे जागेवर असता तर काही झालं नसतं.”

“ट्रे! सगळ्या पारितला आता ट्रेमध्ये उभं करशील.” सनियाहचा आवाज चढला. “ही जमीन माझ्या बापाची आहे. तुकिमिनने मागितली, मी म्हटलं, कर. माझाही वाटा आहे यात, एक शब्द काढला नाही. आणि माझ्या पोराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला माझ्या बापाच्या जमिनीवर बाहेर उभं करतेस?”

मिस्नाहला एवढंच करायचं होतं की दारातून हलायचं नाही.

वाक कसियाह मागे होत्या. त्या हळूहळू पुढे आल्या आणि ट्रेच्या अलीकडे थांबल्या.

“मिस्नाह. परवा तू माझी वांगी का विचारलीस?”

“सहजच, वाक.”

“सहज कोणी भर उन्हात वीस मिनिटं चालत येत नाही. सहज कोणी विचारत नाही कशानं कापली.”

वाकनी कमरेची सुरी काढली, पात्याकडे पाहिलं आणि ती डोक्यावरच्या तुडुंगच्या टोकात गुंडाळली.

“सांगायचं नाही का मला?” त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. “मी काय लहान आहे?”

“तुम्हाला कुठे माहीत होतं, वाक.”

“तुला तर माहीत होतं ना.”

वाक वळल्या आणि कालव्याच्या वाटेला लागल्या. लग्नघर दुसऱ्या बाजूला होतं. एक बाई त्यांच्यामागे धावली, त्यांनी तिचा हात झटकला.

“झालं तुझं समाधान?” सनियाह म्हणाली. तिने हेल्मेट घातलं. “ठेव तुझी मिरची. बाजार मेला नाहीये.”

सात चाळीसला दार रिकामं होतं.

मिस्नाहने तरीही वीस किलो तोडली. सातव्या, आठव्या, नवव्या आणि दहाव्या ओळीतून, प्रत्येक ओळीआधी कात्री बादलीत बुडवून. दहाव्या ओळीला बोटं मिटेनात, तेव्हा तिने कात्री डाव्या हातात घेतली. साडेअकरा झाले. फेरी करून आलेल्या तुकिमिनने टोपल्या लॉरीत घालून बहिणीकडे नेल्या. तासाभराने तो परत आला.

“घेतल्या?”

“ओसरीवर ठेव म्हणाली. बाजारातून आणल्या होत्या त्यांनी.”

“वापरल्या का माझ्या?”

“मी होतो तोवर नाही.”

दुपारी ती सुरी घेऊन रेवांगला गेली. न जाण्याचा प्रश्न नव्हता. चटईवर बायकांचे गट बसले होते. कांदा, लेमनग्रास, बटाटा. ती ज्या गटाजवळ गेली तिथे चिरायचं संपत आलेलं असे. “बस ना, बस,” सगळ्या म्हणत होत्या, आणि कुणी काही हातात देत नव्हतं. शेवटी ती मागे जाऊन मोठी पातेली घासायला बसली. साम्बल या वेळी वाक कसियाहंच्या सुनेने केलं. वाकचे गुडघे दुखताहेत, असं सांगितलं गेलं. संध्याकाळी सनियाह मागच्या दारी आली, पातेल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “जेवलीस का?”

“जेवते.”

“जेव.” आणि ती आत गेली.

मिस्नाहच्या मिरच्यांच्या टोपल्या तेव्हाही ओसरीवर होत्या. शनिवारी, लग्नाच्या दिवशी, तिथे नव्हत्या. कुणी वापरल्या की कुणी नेल्या, हे तिने विचारलं नाही.

रविवारपासून मोजणी सुरू झाली. सकाळी सात, दुपारी सव्वाबारा, संध्याकाळी सहा. चौथी ओळ, पहिल्या पिशवीपासून दीडशेवीपर्यंत, मग पाचवी, मग दुसरी. उतार दुसऱ्या ओळीकडे नव्हता, पण ती शेजारी होती. सकाळी झाड खोटं बोलतं. रात्रभर विसावा मिळाल्यावर आजारी झाडही उभं राहतं. खरं काय ते दुपारी कळतं. त्यामुळे दुपारच्या मोजणीआधी तिला जेवण जात नसे. रविवारी शून्य. सोमवारी शून्य. तिने झिरपलेल्या पाण्यासाठी चौथ्या ओळीआधी चर काढला आणि पाणी थेट बाहेर सोडलं. हे काम मांडणी करतानाच करायला हवं होतं.

सोमवारी संध्याकाळी वाक कसियाहंचा नातू मोटरसायकलवरून एक डबा देऊन गेला. त्यात तळलेली केळी होती. निरोप काही नव्हता. मिस्नाहने केळी खाल्ली, डबा धुतला आणि दुसऱ्या दिवशी त्यात निवडक मिरच्या घालून परत पाठवला. डबा गेला. पुढे काही आलं नाही.

मंगळवारी दुपारी शून्य. दोन वाजता तौकेचा फोन आला.

“काय ग, येतेस का नाही? शुक्रवारी वीस तारीख.”

“मला सव्वीसपर्यंत कळेल, तौके.”

“तुला सव्वीसला कळेल, मला कोळंबी वीसला येते. ती काय तुझ्यासाठी बर्फात थांबणार? नाव लिहू का खोडू?”

“गुरुवारी सांगते.”

“गुरुवारी नाही सांगितलंस तर खोडलं समज. बोटं कशी आहेत?”

“ठीक आहेत.”

“मग ये की.”

तिने फोन ठेवला. तुकिमिन दारात बसून ऐकत होता.

“ये म्हणाला?”

“ये म्हणाला.”

“जाऊन बघायचं थोडे दिवस. मिरची मी बघतो.”

“तुम्ही कात्री बुडवायला विसरता.”

ते खरं होतं.

बुधवारी, अठरा तारखेला, सकाळी सातला तिन्ही ओळी उभ्या होत्या. नऊला ढग आले आणि अकराला गेले. दुपारी सव्वाबाराला मिस्नाह चौथ्या ओळीत शिरली. एकसष्टाव्या पिशवीशी ती थांबली. शेंड्याची तीन पानं शेजारच्या झाडापेक्षा थोडी खाली वाटत होती. लोंबलेली नव्हती. तिने भुसा दाबून पाहिला. ओल बरोबर होती. नळी पाहिली. काडी भुशाबाहेर आलेली होती आणि थेंब पिशवीच्या कडेवर पडत होता. कधीपासून, हे सांगता येत नव्हतं. तेवढ्यानेही पानं उतरतात. तिने काडी परत रोवली. तहान असेल तर पानं वर येतील, मर असेल तर आणखी उतरतील.

पुढच्या एकोणनव्वद पिशव्या तिने मोजल्या. सगळी झाडं ताठ होती. दुसऱ्या आणि पाचव्या ओळीतही काही नव्हतं. मग ती एकसष्टाव्या पिशवीपाशी परत आली आणि बादली उलटी करून बसली. दीड वाजला तेव्हा पानं होती तिथेच होती. वर आली नव्हती, आणखी खालीही गेली नव्हती.